उलटी दाखवणारी दुर्बीण

लातूर जिल्हा झाला तेव्हा गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांनी पेढे वाटले होते. तीन वर्षं गेली आणि वाटायला पाणीसुद्धा उरलं नाही. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेबांच्या जीपगाड्या नव्या. जुना होता तो फक्त दुष्काळ. "जिल्ह्याचा हुकूम काढला तसा ढगाचाबी काढा म्हणावं," असं सिद्रामप्पा गंजात बसून म्हणत, आणि आजूबाजूचे चार रिकामे आडते हसत. हसण्याखेरीज त्या साली गंजात दुसरं काम नव्हतं.

सिद्रामप्पांची धान्याची आडत होती. माणूस पक्का देवभोळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पण मालाच्या बाबतीत देवावरही विश्वास ठेवायचा नाही. पोत्यात परखी खुपसायची, बाहेर आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा, आणि मगच बोलायचं. भाव ठरायचा तो रुमालाखाली, बोटं धरून. एकदा बोटं धरली की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडायचा नाही. सौदा मोडणाऱ्या आडत्याला गंजात कोणी चहासुद्धा विचारत नसे, आणि चाळीस वर्षांत सिद्रामप्पांनी एकही सौदा मोडला नव्हता. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, दर आठ दिवसांनी.

त्यांचा एकुलता मुलगा मन्मथ नव्या कलेक्टर कचेरीत टंचाईच्या कामावर होता. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर गेला, कोणत्या गावाचा वाटेतच बसला, हे बघत तो औसा आणि निलंग्याकडे आठ-आठ दिवस फिरायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि पठ्ठ्या बायकोपेक्षा टँकरच्या ड्रायव्हरांना जास्त ओळखायला लागला होता.

त्याची बायको उमादेवी मुदखेडची. बारीक, उंच, आणि अगदी गप्प. आता सून सासऱ्याशी बोलत नसते, हा त्यांच्याकडचा रिवाजच. सासरा समोर आला की पदर पुढं घ्यायचा आणि जे सांगायचं ते सासूच्या तोंडून सांगायचं. सासरासुद्धा सुनेला थेट विचारत नाही. त्यामुळं तिघं एका खोलीत बसलेली असली, तरी सिद्रामप्पा म्हणायचे, "विचार तिला, कढी संपली का." शिवकांताबाई वळून विचारायच्या, "कढी संपली का?" उमादेवी पुटपुटायची, "हाय की, आत्या." शिवकांताबाई परत वळायच्या, "हाय म्हणती. पण रात्रीला पुरायची न्हाई, जास्ती घेऊ नका." दुसरं वाक्य त्यांच्या पदरचं असायचं. निरोपात पदरचं मीठ टाकल्याशिवाय त्यांनी तो कधी पोचवला नाही.

एकदा दिवेलागणीला सिद्रामप्पा ढग आहेत का बघायला गच्चीवर गेले. ढग नव्हते. आभाळ असं लख्ख होतं की राग यावा. आणि पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी सून उभी होती. दोन्ही मुठींची नळी करून तिनं डोळ्याला लावली होती आणि ती एका ताऱ्याकडं बघत होती. सासऱ्याची चाहूल लागताच पदर ओढून ती जिन्यानं खाली पळाली. पळताना तिनं डोळे पुसले, ते मात्र सिद्रामप्पांना दिसलं.

खाली येऊन त्यांनी बायकोला विचारलं. शिवकांताबाईंना सगळं ठाऊक होतं.

"तिचे वडील, माणिकप्पा, रेल्वेत होते न्हवं मुदखेडला? त्येनी म्हणं पाइपात भिंगं बसवून घरीच दुर्बीण केलती. पोरीला रोज दावायचे. चांद, तारे, काय काय. वडील गेले अन् भावानं ती भंगारात घातली. त्याला काय कळतंय! पोरगी रडून राहिली तवापासनं."

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

"सांगून तुमी काय करणार होता? चांद आडतीत आणून लिलाव लावणार होता?" शिवकांताबाई जरा थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "भावाचा निरोप आलाय. आईला बरं न्हाई, बहिणीला चार-सहा महिने पाठवा म्हणतोय. आपला मन्या घरी नसतो, पोरीचं इथं मन लागंना. एवढे दिवस माहेरी राहिली तर मग परत येईल का न्हाई, मला तर भ्याव वाटतंय."

त्या रात्री सिद्रामप्पांना झोप लागली नाही. त्यांना मुलगी नव्हती. गंजातल्या दुसऱ्या आडत्यांच्या मुली माहेरपणाला आल्या की बापाच्या पेढीवर येऊन गल्ल्याला हात घालायच्या, बापावर डोळे वटारायच्या, आणि सिद्रामप्पा ते बघत बसायचे. सून आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता आपल्याही घरात कोणी बोलेल. तर ही आली आणि रिवाजाच्या मागं जाऊन बसली. आता तर चाललीच होती. ही पोर परत आली पाहिजे, आणि नुसती परत नाही, तिला हे घर आपलं वाटलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

सकाळी त्यांनी जाहीर केलं, "मी दुर्बीण घेणार."

सासऱ्यानं सुनेसाठी काही घेणं शोभत नाही, म्हणून कारण त्यांनी वेगळं सांगितलं. त्या थंडीत शेपटीवाला धूमकेतू येणार म्हणून वर्तमानपत्रं नुसती गाजत होती. पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा, आपण बघायला नको? शिवकांताबाई म्हणाल्या, "काम न्हाई कवडीचं अन् फुरसत न्हाई घडीची." गंजातले लोक त्याहून पुढं गेले. "समदा मुलूख ढगाची वाट बघतोय, अन् तुमी आभाळ साफ राहावं म्हणून बसणार का?" असं एकानं तोंडावर विचारलं. सिद्रामप्पांनी त्यावर नुसती तंबाखू मळली. सकाळी घरात दुर्बिणीचं नाव निघताच सुनेची मान वर झालेली त्यांनी बघितली होती.

ठरलं असं, की सुनेला नांदेडपर्यंत पोचवायचं, तिथं भाऊ येऊन तिला रेल्वेनं मुदखेडला नेईल, आणि त्याआधी नांदेडातच दुर्बीण घ्यायची. व्यंकटी नावाच्या एका चष्मेवाल्यानं धूमकेतूची हवा बघून दोन दुर्बिणी आणून ठेवल्यात, अशी खबर होती. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली, तोवर तिघांच्या अंगावर इतकी धूळ बसली होती की शिवकांताबाईंचं लुगडं कोणत्या रंगाचं ते सांगता आलं नसतं.

व्यंकटी गोल पोटाचा, हसरा माणूस. त्यानं दोन्ही दुर्बिणी दुकानाच्या पायरीवर मांडल्या. एक पितळी, एकातून एक निघणाऱ्या नळ्यांची, कातडी म्यानात घातलेली. दुसरी म्हणजे राखाडी रंगाचं जाड नळकांडं, लोखंडी तिवईवर बसवलेलं. आंघोळीच्या बंबाला आडवं करावं तसं दिसत होतं.

सिद्रामप्पांनी पारख सुरू केली. पितळी उचलून वजन बघितलं, नखानं टिचकी मारली, भिंगावर फुंकर घातली, आणि खरं सांगायचं तर नळीचा वाससुद्धा घेतला. दाताखाली तेवढी धरली नाही. मग समोर दूर दिसणाऱ्या महादेवाच्या देवळाच्या कळसावर रोखली. कळस जवळ आला. त्यावरचा कावळा दिसला. सिद्रामप्पा खूश झाले.

मग ते बंबाकडं वळले. "ह्यात बघायचं कुठून?"

"बाजूनं, अप्पा. आत आरसा असतोय," व्यंकटी म्हणाला.

सिद्रामप्पांनी बाजूच्या नळीला डोळा लावला आणि झटकन मागं सरले. कळस पितळीपेक्षा कितीतरी मोठा, अगदी त्याच्यावरचा चरा दिसावा इतका मोठा दिसत होता. पण खाली डोकं वर पाय! कळस खाली, देऊळ वर, आणि कावळा उलटा लोंबकळत होता.

"शिव शिव! महादेवाला शीर्षासन घातलंस की रे!"

"आभाळाच्या दुर्बिणी असल्याच असतात अप्पा. ताऱ्याला काय उलटं अन् काय सुलटं."

"तराजू उलटा धरून माल मोजतोस का तू? देव उलटा दावणारी चीज मी घरात न्यायची, अन् ह्या दुष्काळात? आधीच काय कमी उलटं झालंय का?"

शिवकांताबाईंनीही डोकावून बघितलं आणि दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. निकाल तिथंच लागल्यासारखा होता. तरी सिद्रामप्पा बायकोला म्हणाले, "विचार तिला. तिला कळतंय म्हणं त्यातलं."

उमादेवी पुढं आली. पितळीतून तिनं क्षणभर बघितलं आणि ती खाली ठेवली. बंबाच्या नळीवर मात्र वाकली ती वाकूनच राहिली. कळस बघून झाला, कावळा उडून गेला, तरी ती हलली नाही. बोटांनी ती नळीचा स्क्रू हळूहळू मागं-पुढं करत होती, आणि करताना तिच्या पदराचं भान सुटून तो खांद्यावर आला होता. मग ती सरळ झाली आणि सासूच्या कानाशी लागली.

"आत्या, मामास्नी म्हणावं, ही घ्या. उलटी. आमच्या अण्णांच्या दुर्बिणीत असंच दिसायचं."

शिवकांताबाईंनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा त्या बंबाकडं. देवाला उलटं टांगणारी वस्तू आपल्या देवघराच्या वर, गच्चीवर? छे! त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पितळी चांगली हाय म्हणती. तीच घ्या म्हणती."

आजवर त्यांनी निरोपात फक्त मीठ घातलं होतं. आज भाजीच बदलून टाकली. उमादेवीनं ओठ उघडले, सासऱ्याकडं नजर गेली, आणि ओठ मिटून तिनं पदर डोक्यावर घेतला.

सिद्रामप्पांनी उपरण्याखाली हात घालून व्यंकटीपुढं केला. चष्म्याच्या दुकानात असा भाव कोणी कधी केला नव्हता. व्यंकटीला वाटलं, आजारी माणूस नाडी दाखवतोय. मग सिद्रामप्पांनी त्याला बोटांचा अर्थ शिकवला, बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि सौदा झाला.

स्टेशनवर उमादेवीचा भाऊ सिद्धेश्वर वाट बघत उभा होता. मुदखेडकडं जाणारी पॅसेंजर फलाटाला लागली होती. बहीण-भाऊ डब्यात बसले. संध्याकाळ झाली होती आणि पश्चिमेला चांदाची कोर आली होती. सिद्रामप्पांना राहवलं नाही. त्यांनी म्यानातून पितळी दुर्बीण काढली, नळ्या ओढल्या आणि फलाटावरच कोरीवर रोखली. हातातली नळी स्थिर राहीना, कोर नाचत होती. तरी ते म्हणाले, "वा! काय दिसतोय! दे तिला, बघ म्हणावं."

शिवकांताबाईंनी दुर्बीण खिडकीतून आत दिली. उमादेवीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं ती परत दिली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. आनंद नाही, रागही नाही. धान्य हातात घेऊन न बोलता परत पोत्यात टाकणारं गिऱ्हाईक सिद्रामप्पांनी आयुष्यभर बघितलं होतं. ही पोर आता परत यायची नाही, असं त्यांना त्या क्षणी पक्कं वाटलं.

गार्डानं शिट्टी दिली. गाडीला हिसका बसला. आणि खिडकीतून आवाज आला.

"मामा!"

सिद्रामप्पांना आधी कळलंच नाही की हाक आपल्याला आहे. हा आवाज त्यांनी इतक्या मोठ्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"मामा, ही नको! ती दुसरी घ्या! मी उलटीच घ्या म्हणले होते, आत्यांनी तुमाला बदलून सांगितलं!"

डब्यातली माणसं बघायला लागली. शिवकांताबाईंनी तोंडाला पदर लावला. सिद्रामप्पा धोतराचा सोगा धरून गाडीबरोबर चालायला लागले.

"अगं पण पोरी, त्यात देव उलटा दिसतोय!"

"देव जागच्या जागी असतोय मामा! चांदाला कुठं पाय हायेत, उलटा म्हणायला!"

"परत कवा येतीस?" सिद्रामप्पा ओरडले. पण गाडीनं वेग घेतला होता, आणि तिनं काय उत्तर दिलं ते चाकांच्या आवाजात गेलं.

"आगाऊ!" शिवकांताबाई म्हणाल्या. "समदी आगगाडी ऐकत होती. सासऱ्याला नावानं..."

"नावानं न्हाई. मामा म्हणली मला," सिद्रामप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "चल."

"कुठं?"

"दुकानात."

शिवकांताबाई जागीच थांबल्या. "सौदा झालाय तुमचा. बोटं धरलीत तुमी."

हे सिद्रामप्पांना काय सांगायला हवं होतं? स्टेशनपासून दुकानापर्यंतच्या सगळ्या वाटेवर त्यांना तेच टोचत होतं. चाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट होती ती. पडत्या भावात तोटा खाल्ला, पण धरलेली बोटं सोडली नाहीत. व्यंकटी दुकानाच्या फळ्या लावतच होता. सिद्रामप्पा त्याच्यापुढं टोपी काढून उभे राहिले. देवळाखेरीज कुठं त्यांनी टोपी काढलेली शिवकांताबाईंनी कधी बघितली नव्हती.

"व्यंकटी, मी सौदा मोडायला आलोय. गंजात कुणाला सांगायचं तर सांग. मला ती दुसरी पाहिजे. महादेवाला उलटं टांगणारी."

व्यंकटी हसायलाच लागला. "अप्पा, ती बोटं मला कळलीच नव्हती, मी आपलं तुमचं मन राखलं. न्या की!"

सिद्रामप्पांना थोडं बरं वाटलं आणि थोडा रागही आला. आपला इतका मोठा त्याग समोरच्याला कळूच नये, याला काय म्हणावं! पण नळकांडं त्यांनी स्वतः खांद्यावर घेतलं, आणि एसटीत ते आपल्या सीटवर बसवून लोह्यापर्यंत स्वतः उभे राहिले.

लातुरात बातमी त्यांच्या आधी पोचली. धूमकेतू दाखवा म्हणून गल्ली दारात येऊन उभी राहिली. सिद्रामप्पांनी बंब पोत्यात घालून, तोंड शिवून, आतल्या खोलीत ठेवला होता. ते सगळ्यांना एकच सांगत, "आता जमायचं न्हाई." लोक म्हणाले, अप्पाचं डोकं फिरलं. घेतली कशाला मग? लोणचं घालायला? गंजात सौदा मोडल्याची गोष्टही पोचलीच, कारण शिवकांताबाईंनी ती कोणालाही न सांगण्याच्या अटीवर शेजारच्या बसम्माला सांगितली होती. दोन दिवस सिद्रामप्पांना कोणी चहा विचारला नाही. त्यांनी तो स्वतःच्या पैशानं मागवून, सगळ्यांच्या देखत प्याला.

आणि एका दुपारी चक्क कचेरीची जीप दारात आली. एका बड्या साहेबांच्या घरच्यांना धूमकेतू बघायचा होता आणि दुर्बीण एक संध्याकाळ हवी होती. मन्मथच जीपमधून उतरला. औशाकडून थेट आला होता, केसांत धूळ, डोळे लाल.

"अप्पा, द्या ती. साहेबांना न्हाई म्हणता येतंय का?"

"येतंय की," सिद्रामप्पा म्हणाले. "सांग साहेबाला, दुर्बिणीची मालकीण माहेरी गेलीय. ती आल्याबिगर पोतं उसवायचं न्हाई."

मन्मथ तिथंच ओट्यावर टेकला. शिवकांताबाईंनी त्याला पाणी दिलं. "नांदेडच्या फलाटावर हाक मारली तिनं ह्येन्ला," त्या हळूच म्हणाल्या. "तवापासनं असंच चाललंय." मन्मथ पाणी प्याला आणि जीपमध्ये बसून गेला. साहेबांना त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण जीप पुन्हा आली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं रजा टाकली आणि मुदखेडची गाडी पकडली, हे मात्र त्याच्या कचेरीतल्या शिपायाकडून सिद्रामप्पांना कळलं.

मग त्यांचा जीव काही ठिकाणावर राहिला नाही. ती आली नाही तर? आईला खरंच बरं नसेल तर? मन्या एकटाच परत आला तर त्याच्याकडं बघायचं कसं? गंजातून ते रोज लवकर निघत आणि दारापाशी आले की पावलं मंद करत.

अशाच एका संध्याकाळी ते घरी आले. शिवकांताबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. सिद्रामप्पा विचारणार, तेवढ्यात गच्चीवरून खणखणीत आवाज आला.

"मामा! लौकर वर या! गुरू खाली जायला लागलाय!"

सिद्रामप्पांनी बायकोकडं बघितलं.

"जा की," शिवकांताबाई म्हणाल्या. "तिच्या आईला उतार हाय म्हणं. मला आता ह्या घरात कोण इचारतंय!" त्या फणकाऱ्यानं बोलल्या, पण सूप त्यांच्या हातात हसल्यासारखं हलत होतं.

सिद्रामप्पा जिना चढले. मन्मथ तिवईचा एक पाय धरून बसला होता. पोतं उसवून बाजूला पडलं होतं, आणि उमादेवी नळीवर वाकली होती. पदर तिनं कमरेला खोचला होता. तिनं सासऱ्याचा हात धरून त्यांना नळीपाशी उभं केलं. "तो डोळा मिटा. हा उघडा ठेवा. गुरूच्या शेजारी चार ठिपके हायेत बघा, एका रांगेत. हे त्याचे चांद."

सिद्रामप्पांनी डोळा लावला. काहीतरी उजेड होता, पण तो पाण्यात पडल्यासारखा पसरला होता. त्यांनी डोळा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

"दिसतंय का, मामा?"

"दिसतंय. लई साफ दिसतंय."

"कुठलं दिसतंय! सारखे हलून राहिलाव तुमी, दुर्बीण सरकती की!" उमादेवी त्यांच्यावर ओरडली, गंजातल्या मुली बापावर ओरडायच्या अगदी तशी. "एका जागी गप उभं राहता येत न्हाई का?"

"हाव, बाई," सिद्रामप्पा म्हणाले, आणि गप उभे राहिले.